मुक्तिनाथच्या एक तास अलीकडे

वाटूरला आक्काच्या विहिरीनं त्या वर्षी मार्चातच हात वर केले आणि आक्कानं मुक्तिनाथचा विषय काढला. आक्का म्हणजे माझी थोरली बहीण. नेपाळात एका देवळामागं एकशे आठ धारा बारमाही वाहतात, असं तिनं कीर्तनात ऐकलं होतं. "इतकं पाणी, अन् कुणी बंद करत न्हाई? मला बघायचंय बापू," ती म्हणाली. दाजी गेल्यानंतर तिनं मागितलेली ही पहिलीच गोष्ट.

नवीन जालन्यातून सरकीच्या एका व्यापाऱ्याच्या पत्नी, आमच्या काकीजी, दहा जणांची यात्रा नेत होत्या. आम्ही दोघं त्यात शिरलो. जाणाऱ्यांसाठी मार्ग सांगतो: मनमाडहून गोरखपूरची रेल्वे, पुढे बसनं सुनौलीची सरहद्द, तिथून दिवसभराच्या वळणांनी पोखरा. पासपोर्ट लागत नाही, मतदार ओळखपत्र पुरतं. आपले पैसेही चालतात, मात्र शंभराच्या नोटा ठेवा. पोखऱ्याहून जोमसोमचं विमान पहाटेचंच घ्या. उन्हं वर आली की त्या दरीत असा वारा सुटतो की वैमानिक चहा पीत बसतो.

विमान आपल्या एसटीएवढंही नव्हतं. आक्कानं समोरच्या बर्फाच्या डोंगराकडे बोट करून विचारलं, "ह्याचा सातबारा कुणाच्या नावावर?" सगळं विमान हसलं.

जोमसोमपासून चालणं. पहिला मुक्काम कागबेनी, नदीकाठचं मातीचं गाव. जेवण म्हणजे डाळ-भात, तोही मागाल तितका. दुसऱ्या दिवशी खडी चढण होती, आणि नेमकी निर्जला एकादशी.

मी संस्कृतचा मास्तर. यात्रेत मला सगळे पंडितजी म्हणू लागले होते, आणि ही उपाधी डोक्यात जायला उंचीही लागत नाही. प्रवाशाला उपवासातून सूट आहे हे मी वर्गात अनेकदा सांगितलेलं. काकीजींनी त्या सुटीचा लाभ घेऊन दोन कप गोड चहा घेतला. आक्का तांब्याभर पाणी पिऊन म्हणाली, "देवाला समजतं. तू बी पी."

"मी धरलाय," मी म्हणालो. शास्त्र माहीत असूनही न पाळणारा त्या वाटेवर मी एकटाच होतो.

दुपारपर्यंत ओठ चिकटले. पायाखालचा डोंगर हलू लागला. झारकोटला पोचताना मी दोनदा ओकलो. पोटात काही नव्हतं, तरी. डोकं असं ठणकत होतं, जणू आत कुणी सरकी कांडतंय. तिथल्या लॉजवालीनं माझी नखं पाहिली, डोळे पाहिले आणि हिंदीत ठणकावलं, "पंडितजी को ऊँचाई लग गयी है, अभी नीचे उतारो. यहाँ रात मत रखना."

तिथून मुक्तिनाथ तासाभरावर. झाडांचा हिरवा पुंजका आणि पांढरी भिंत लॉजच्या अंगणातून दिसत होती. आक्का तिकडेच बघत उभी होती.

काकीजी म्हणाल्या, "आक्का, तुम्ही चला माझ्यासंग. जल्दी दर्शन करून वापस येऊ. पंडितजींना घोड्यावर उतरवायला दोन मानसं हायेत, लॉजवालीचा नवरा बी संगं जातोय. बिलकुल काळजी करू नका."

आक्कानं माझ्याकडे पाहिलं. "बापू, जाऊन येऊ का रे?"

एक शब्द पुरला असता. जा. मला बोलता येत होतं. त्याच्या दोनच मिनिटं आधी मी घोडेवाल्याशी खोगिरावरून वाद घातला होता. पण मी डोळे मिटून घेतले आणि तिच्या लुगड्याचा पदर मुठीत धरला.

"ऱ्हाऊ द्या काकीजी," आक्का म्हणाली.

कागबेनीला उतरल्यावर साखर-मिठाचं पाणी पाजत तिनं मला सकाळपर्यंत माणसात आणलं. नऊच्या सुमाराला मी भातही खाल्ला. तेव्हा पुन्हा वर जायला वेळ नव्हता; परतीचं विमान ठरलेलं होतं. काकीजी एकशे आठ धारांखाली न्हाऊन उतरल्या आणि आक्काशी बोलताना धारांचा विषय त्यांनी काढलाच नाही.

जाणाऱ्यांना सांगण्यासारखं एवढंच. पाणी सतत प्या. कागबेनीला एक दिवस जास्त राहा. आणि आपल्यातला एक आजारी पडला तर दुसऱ्यानं पुढं जायचं, हे पोखऱ्यातच बोलून ठेवा. आजारी माणसाची जीभ ऐनवेळी फार स्वार्थी होते.

वाटूरला परतलो तेव्हा जावांनी मावंद्याची तयारी मांडली होती. यात्रेहून आलं की गावाला जेवू घालायचं, ही रीत. आक्कानं पुरणाची डाळ परत डब्यात भरायला लावली. "गेल्तो, पर पोचलो न्हाई. मंग मावंदं कशाचं?"

"का गं, काय झालं?"

"माझ्याच्यानं चढवलं न्हाई. पाय गळाले."

थोरली जाऊ माझ्याकडे वळून म्हणाली, "बरं झालं बापू संगं व्हता. बराबर सांभाळून आणलं बहिणीला."

मी चहाची बशी तोंडाला लावली.

आता तिथं जीप जाते म्हणतात. आक्काला मात्र डॉक्टरांनी उंचावर जायला मनाई केली आहे. वाटूरात अजूनही ही गोष्ट आक्काच्या पायांची म्हणूनच सांगितली जाते, आणि ती ऐकताना मी कितीदा तरी गप्प बसलो आहे. आक्काचे पाय गळाले नव्हते. त्या दिवशी ती माझ्यापुढं चालत होती.