देवाशी घासाघीस

संत्र्याचा बगीचा झाडावर असतानाच विकत घ्यायचा, हा माझा धंदा. राहतो अकोल्यात, बगीचे अमरावतीकडचे. सकाळी गाडी काढली की मूर्तिजापूर येईपर्यंत मी देवाशी बोलायचो. बोलायचो म्हणजे भांडायचो. वडिलांनी माझ्यासाठी काही ठेवलं नव्हतं, धंदा एकट्याने उभा केला. हक्काने भांडावं असा देवच एक होता.

मग आमच्या मंदिरात पोथीवाचन सुरू झालं. एकदा मी म्हटलं, आजचा अध्याय मी वाचतो. वाचन चालवणारे निवृत्त मास्तर सगळ्यांसमोर म्हणाले, "शेठ, तुम्ही ओवीचाही भाव पाडाल." सगळे हसले. ते हसणं मी विसरलेलो नाही आणि विसरणारही नाही.

त्या रागात पोथी घेतली, तिच्यावरची टीका घेतली, गाडीत मोबाइलवर निरूपणं लावली. असा तयार झालो की मास्तरांनी एक अर्थ सांगितला की मी खालून तीन सांगायचो. मास्तरांचा चेहरा बघून मला फार बरं वाटायचं.

एका सकाळी बायको म्हणाली, "देवाशी भांडनं बंद झालं तुमचं."

"अभ्यास करून राहिलो ना."

"त्याच्याबद्दल वाचून राहिले. त्याच्याशी कुठी बोलता? घरात मी बसली असताना माही खबर शेजाऱ्याले इचारल्यावानी झालं हे."

मी चिडून नाश्ता न करताच निघालो. गाडीत निरूपण बंद केलं आणि देवाशी बोलायला गेलो, तर एक शब्द सुचेना. तेव्हा मात्र घाबरलो. एवढ्या वर्षांचा आपला माणूस हातचा गेला की काय?

नांदगाव खंडेश्वरकडे घेतलेल्या बगीच्यात पोचलो, तर फळगळ लागलेली. झाडाखाली हिरव्या संत्र्यांचा सडा. बगीच्याचा मालक शेतकरी डोक्याला हात लावून उभा. मी आभाळाकडे तोंड केलं, चांगलं झाडावं म्हणून तोंड उघडलं आणि बाहेर आलं ते असं, "जे येतं ते जातं. याबाबत टीकाकारांची दोन मतं आहेत. पैकी पहिलं..."

शेतकरी माझ्याकडे बघतच राहिला. "शेठ, देवाले बोलून राहिले का शिकवून राहिले?"

मला आधी राग आला, मग हसू आलं. सौद्यात समोरच्याने दिलेला शब्द मी कधी विसरत नाही, त्यावरच त्याला धरतो. आणि या पार्टीचा तर शब्द न् शब्द आता माझ्याकडे पाठ होता.

"सांभाळीन असं तूच म्हणालास," मी वर बघून म्हटलं. "एकदा नाही, जागोजागी. अध्याय सांगू? मग हे खाली काय पडलं आहे? कावून पाडलंस?"

घसा बसेपर्यंत भांडलो, पुराव्यानिशी. फळगळ थांबली नाही, बोलता बोलता आणखी एक संत्रं पायाशी पडलं. पण छाती हलकी झाली. पलीकडे कोणीतरी पहिल्यासारखं ऐकत होतं.

शेतकरी म्हणाला, "माह्याकडूनबी दोन शब्द टाका ना शेठ. मले काई पाठ नाही."

"तुझं भांडण तू कर," मी म्हटलं.

त्याने टोपी काढली, जरा विचार केला आणि म्हणाला, "देवा, शेठ म्हनते ते बराबर हाय."

भाव ठरवताना हे वाक्य त्याने मला एकदाही दिलं नव्हतं.