ट्रॉलीवरून आत

किस्से कोणी मुद्दाम जमवत नाही. कोटाच्या खिशात फेरीबोटीची तिकिटं साचतात तसे ते साचतात आणि ड्रायक्लीनिंगला देताना सापडतात. मी सांगतोय ते अगदी असंच घडलं का, याची मला खात्री नाही. शैला, माझी बायको, म्हणते, "असंच घडलं. फक्त तुम्ही याहून जास्त घाबरला होता."

साउथहॅम्प्टनची आमची चौकडी दर उन्हाळ्यात कुठले तरी जुने दगड बघायला निघते. यंदा स्कॉटलंडच्या उत्तरेची ऑर्कनी बेटं. त्यात शैलाची सत्तरी. "भेट काय देऊ?" विचारलं, तर म्हणाली, "एकदा तरी माझ्याबरोबर आत या."

बंद जागेला मी भितो. आजवर प्रत्येक भुयाराच्या, तळघराच्या दाराशी मी सगळ्यांच्या पर्सेस सांभाळत उभा राहिलोय. तरी "येतो" म्हणून बसलो!

*

निघण्यापूर्वी मी सगळ्यांना धोक्यांची यादी ईमेल केली. वारा, ओले दगड, मेंढ्या.

लगेच अरविंदचा फोन. हा माझा जुना मित्र, रिटायर्ड ऑर्थोपेडिक सर्जन.

"मेंढ्या काय करणार रे तुला?"

"गोचिड्या असतात त्यांच्या अंगावर."

"बरं. मी मेंढ्यांनाही कळवतो, तू येतोयस म्हणून!"

*

पहिल्याच दिवशी उभ्या दगडांचं मोठं रिंगण. मंगलवहिनी, म्हणजे अरविंदची बायको, गाडीतून उतरल्या, बूट काढले आणि सरळ रिंगणात शिरल्या.

"वहिनी, अहो, हे देऊळ नाही!"

"कशावरून?"

दोन पदव्या आणि एक फेलोशिप असून मी गुपचूप त्यांचे बूट उचलून कडेला ठेवले.

मागून पर्यटकांची एक बस आली. पहिल्या जोडप्यानं वहिनींकडे पाहिलं, आपसांत कुजबुज केली आणि बूट काढले. दहा मिनिटांत ओल्या गवताच्या कडेला बुटांची रांग! त्यांच्या गाइडनं मला बाजूला घेऊन हळूच विचारलं, "हा नियम कधीपासून?"

मी म्हणालो, "सॉरी."

*

तिथल्याच एका कललेल्या दगडापुढे अरविंद बराच वेळ उभा होता.

"हिप रिप्लेसमेंट लागणार," तो म्हणाला.

"वेटिंग लिस्ट?"

"पाच हजार वर्षं. आपल्या ब्रिटनमध्ये नॉर्मल आहे."

*

दुसऱ्या दिवशी अश्मयुगातली घरं. दारासमोरच दगडी फळ्यांचं फडताळ. गाइड म्हणाला, "हे कशासाठी असावं, यावर तज्ज्ञांचं अजून एकमत नाही."

शैला म्हणाली, "चांगली भांडी मांडायला! आल्यागेल्याला दिसायला नकोत?"

"पुरावा?" मी घाबरत घाबरत विचारलं.

"आपलं काचेचं कपाट कुठे आहे?"

दारासमोर आहे.

*

आणि शेवटच्या दिवशी अश्मयुगातलंच एक थडगं. समुद्राकाठी, कुरणात. आत जायची वाट इतकी बुटकी, की चाकांच्या छोट्या ट्रॉलीवर उताणं झोपायचं आणि वरचा दोर ओढत आत सरकायचं.

चाळीस वर्षं मी लोकांना ट्रॉलीवर झोपवून भूल दिली. स्वतः कधी झोपलो नव्हतो. शैला केव्हाच आत गेली होती. ट्रॉली रिकामी परत आली. आतून आवाज आला, "या!"

अरविंदनं मला आडवं केलं.

"पेशंटना काय सांगायचास?"

"दहापासून उलटं मोजा."

"मग मोज!"

डोळे गच्च मिटले. दहा. नऊ. चाकं खडखडली. आठ. नाकाला गार दगडाचा वास आला. सातला ट्रॉली थांबली.

"झालं?" मी विचारलं.

"निम्मं," आतून शैला. "पाय बाहेरच आहेत."

बाहेरून अरविंद ओरडला, "गुडघे माझ्याकडे आहेत! आलोच आहे, तर बदलून टाकू का?"

इतक्या जोरात मी आयुष्यात दोर ओढला नव्हता!

आत थांबलो. काळोखात शैलाचा हात सापडला. डोळे उघडले. वरच्या फटीतून बारीक उजेड येत होता आणि ती हसत होती.

मग ती एकदम दचकली. "अहो, तुम्ही इथे! मग पर्सेस कोणाकडे?"

"मेंढ्यांकडे," मी म्हणालो.