डावीकडे वळताना

स्टीअरिंग जड झाले की ते आधी तळहातांना कळते. जयनगरच्या बाजाराजवळ डावीकडे वळत होते, तोच हातांखालचे चाक वाळत आलेल्या कणकेसारखे घट्ट झाले आणि समोर एक पिवळा दिवा उमलला. मागच्या रिक्षाने हॉर्नचा आकांत मांडला. खांद्याचा जोर लावून मी गाडी कशीबशी कडेच्या करंजाखाली घेतली. बॉनेटवर फुले लाह्यांसारखी टपटपत होती. इंजिन बंद करून पुन्हा सुरू केले. दिवा गेला, चाक लोण्यासारखे फिरू लागले.

घरी हे सांगितले, तेव्हा यजमानांनी वर्तमानपत्र खाली न घेताच निदान केले. "मनगट मोडलं होतं ना तुझं? जोर राहिला नसेल."

मनगट जुळून बराच काळ लोटला होता. त्याच मनगटाने मी रोज पोळ्या लाटत होते, आणि पोळ्यांच्या बाबतीत त्याच्या जोराविषयी कुणी शंका घेतली नव्हती. पण स्टीअरिंग आणखी दोनतीनदा अडले, आणि चहाबरोबर ठराव मंजूर झाला: सोमवारपासून ड्रायव्हर.

"तू आपली मागे बसून कविता कर," यजमान म्हणाले. बायकोच्या कवितेची थोरवी पुरुषाला नेमकी अशा वेळी पटते. चालकाची ती जागा म्हणजे माझी एकटीची एवढीच एक खोली होती, आणि ती मी मनगटाच्या अफवेवर सोडणार नव्हते. दुसऱ्याच दिवशी गाडी घेऊन राजाजीनगरच्या एका सर्व्हिस सेंटरला गेले.

तिथे रबराचा आणि फिनाइलचा वास एकमेकांत कालवला होता. कडक इस्त्रीच्या शर्टातला सल्लागार हातात टॅब घेऊन आला आणि माझ्या खांद्यावरून मागे पाहू लागला.

"यजमान्रु बंदिल्वा, मॅडम?"

यजमान आले नाहीत का? कन्नडात यजमान म्हणजे मालक, आणि नवराही. पिढ्यान्‌पिढ्या इथे मुरलेल्या आमच्या मराठीतही नवऱ्याला तोच मान. गाडी मात्र माझ्या नावावर होती.

"नाने यजमानि," मी म्हणाले. मालकीण मीच.

मी विनोद केला असे समजून तो हसला. मग त्याने स्कॅनर जोडला, टॅबवर बोट फिरवले आणि कन्नडातच म्हणाला, "एक जुना कोड होता. पुसून टाकला. आता सगळं सरी." सगळं ठीक.

"कसला कोड होता?"

"पुसला ना, मॅडम." तक्रार पुसली की दुखणे बरे, असे हे वैद्यक. वर त्याने सल्लाही दिला, "स्वल्प जोर लावून फिरवत जा. लेडीजना सगळंच गट्टी वाटतं."

गट्टी म्हणजे कन्नडात कठीण. मराठी मुले दोस्तीला गट्टी म्हणतात. त्या माणसाशी माझी कोणत्याही भाषेतली गट्टी जमणे शक्य नव्हते.

मी म्हणाले, "गाडी उन्हात तापली, वेग कमी असला आणि डावीकडे वळले, की हे होतं. उजवीकडे कधीच नाही. माझं मनगट ऊन बघून दुखत नाही. गाडी आवारात तापू द्या, स्कॅनर जोडलेलाच ठेवा आणि तुम्ही चालवा."

नाइलाजाने तो तयार झाला. गाडी तापेपर्यंत मी यंत्रातली कॉफी प्याले. तिला पुठ्ठ्याची चव होती.

मग तो चाकामागे बसला आणि मी शेजारी. उजवी वळणे रेशमासारखी गेली. आपली आई रिक्षानेच कशी सुखात फिरते, हे तो मला ऐकवत होता. देवळाच्या कोपऱ्यावर त्याने चाक डावीकडे घेतले आणि वाक्य अर्ध्यावर तुटले.

"अय्यो!"

त्याची दोन्ही कोपरे वर गेली, इस्त्रीची घडी चुरगळली. पिवळा दिवा लागला. एक स्कूटरवाला अंगावरून ओरडत गेला, "नोडकोंड होगो!" बघून जा रे!

"गट्टी इदेया?" कठीण आहे का, असे मी शक्य तितक्या गोड आवाजात विचारले. "स्वल्प जोर लावा."

या वेळी त्याने कोड पुसण्याआधी वाचला. स्टीअरिंगच्या दांड्यावरचा टॉर्क सेन्सर बिघडला होता. चालकाचा हात कोणत्या बाजूला किती जोर लावतो आहे, हे ओळखून मदतीच्या मोटरला कळवायचे, एवढेच त्या सेन्सरचे काम. माझ्या हातावरचा त्याचा विश्वास उडाला होता. त्याला निदान यंत्र असण्याची सबब होती.

सल्लागाराने लगेच फोन लावला. मला वाटले, सुट्या भागांच्या दुकानाला. "सर," गाडीच्या नोंदीतला नंबर लावून तो यजमानांना सांगत होता, "सेन्सर गेलाय. मी पकडला."

सोमवारी येणाऱ्या ड्रायव्हरला 'येऊ नका' असे मीच कळवले. यजमानांनी वर्तमानपत्राचे पान उलटले. माघार घेण्याची त्यांची रीत तीच.

नवा सेन्सर बसला. काही दिवसांनी नणंद बेळगावहून आली. तिला स्टेशनवरून घरी आणत होते. बहिणीशी बोलता यावे म्हणून यजमानही मागे बसले होते.

"मला पहिल्यापासून संशय होता," ते सांगत होते. "म्हटलं, हा सेन्सरच असणार. या सर्व्हिसवाल्यांना काही कळत नाही."

"दादा, तुला बाई गाड्यांतलं किती कळतं!" नणंद म्हणाली. "वहिनीला एकटीला कसं जमलं असतं हे सगळं?"

आरशात दोघांचीही प्रसन्न मुखे भरून राहिली होती. सिग्नलला थांबले तेव्हा मी तो जरा वर उचलला. मुखे खाली गेली, आणि मागून येणारी वाहने तेवढी स्वच्छ दिसू लागली.