माझ्या आईच्या बाई

‘मदा गेली.’

शाळेत दुसरा तास चालू असताना माझ्या फोनवर एवढेच दोन शब्द आले. पाठवणारी माझी आई. ‘मंदा’मधला अनुस्वार राहून गेला होता. आईने मला आयुष्यात लिहून पाठवलेला हा पहिला निरोप, तोही वयाच्या एकाहत्तराव्या वर्षी. सातवीच्या वर्गासमोर उभी राहून मी तो वाचला आणि मंदाताई गेल्याचं दुःख व्हायच्या आधी माझ्या मनात आलं, की आईने मला लिहिलेली पहिली ओळसुद्धा यांच्यासाठीच असावी ना... महिना होऊन गेला, तरी त्या विचाराची मला लाज वाटते. पण मंदाताईंबद्दल लिहायचं तर ते लपवून लिहिता येणार नाही.

मंदा तावडे यांना कांजूरमार्गच्या आमच्या जुन्या चाळीबाहेर कुणी ओळखत नव्हतं. शिक्षण नववी नापास. धाकट्या भावंडांना सांभाळायला घरी बसवलं म्हणून पुढची शाळा राहिली. नंतर कपड्यांच्या कारखान्यात धागे कापायचं काम केलं आणि पाठ दुखायला लागल्यावर तेही सोडलं. मग दुपारी तीन ते चार त्या आपल्या खोलीत चाळीतल्या बायकांना वाचायला शिकवू लागल्या. सहा जणी यायच्या. एकीच्या गावात शाळा खाडीपलीकडे होती, एकीचं लग्न फार लवकर झालं होतं, एकीच्या घरी भाऊ शाळेत गेला म्हणून गुरं तिच्याकडे आली होती. कारणं सहा जणींची निरनिराळी, पण प्रत्येकीच्या घरात कुणीतरी एकदा म्हणालं होतं, हिला शिकून काय करायचंय. त्या सहा जणींत माझी आई होती. वय त्रेसष्ट.

आणि हे मला ठाऊक नव्हतं.

मी मुलुंडच्या एका शाळेत मराठी शिकवते. पण त्याच्या कितीतरी आधीपासून, नऊ वर्षांची असल्यापासून, मी आईचे डोळे होते. गावाहून आलेली पत्रं, रेशनचे अर्ज, औषधांच्या पाकिटांवरच्या सूचना, सगळं मी वाचून दाखवायचे. कुणी कागद पुढे केला की आई म्हणायची, ‘सुनू वाचील.’ त्या दोन शब्दांचा मला केवढा अभिमान होता! बी.एड. करत असताना मी तिला शिकवायलाही बसले होते. चार दिवस. चौथ्या दिवशी ‘आई, हे कालच सांगितलं ना?’ म्हणून पेन्सिल आपटली. आई चुलीवर डाळ आहे असं सांगून उठली. आमच्याकडे तेव्हा गॅस होता, हे माझ्या नंतर लक्षात आलं.

एका दुपारी शाळा लवकर सुटली म्हणून मी चाळीत गेले, तर घराला कुलूप. शेजारच्या काकू म्हणाल्या, आई शाळेत गेलीय. मला वाटलं त्या चेष्टा करतायत. मंदाताईंच्या दारात पोचले तर आई पहिल्या रांगेत मांडी घालून बसलेली, आणि स्वतःहून दहा-बारा वर्षांनी लहान मंदाताईंना ‘बाई’ म्हणत होती. बाई! दिवसभर साठ पोरं मला त्याच नावाने हाक मारतात, पण आईच्या तोंडून तो शब्द दुसऱ्या कुणासाठी ऐकला आणि मी उंबऱ्याबाहेरच उभी राहिले. मंदाताई ‘क’ कमळाचा शिकवत नव्हत्या. कमळ काय रोज लागतं का, असं त्यांचं म्हणणं. त्यांचा ‘क’ कांजूरचा होता, ‘घ’ घाटकोपरचा, ‘भ’ भांडुपचा. स्टेशनांच्या ज्या पाट्यांखालून या बायका चाळीस वर्षं गेल्या, त्याच पाट्या त्यांनी फळ्यावर आणल्या होत्या. मला, शिकलेल्या बाईला, हे कधी सुचलं नव्हतं.

फळ्यावर त्यांनी ‘पाणि’ असं लिहिलं होतं. मी चप्पल काढली, आत गेले, खडू उचलला आणि सगळ्यांसमोर ती वेलांटी पुसून दीर्घ केली. वर म्हणाले, ‘निदान शिकवणाऱ्याने तरी शुद्ध लिहावं.’ मंदाताईंचा चेहरा क्षणभर उतरला. मग त्यांनी बायकांना सांगितलं, की मॅडम म्हणतात ते बरोबर आहे, सगळ्यांनी दुरुस्त करा. सहा माना खाली वाकल्या. आईचीही वाकली, पण तिने पाटीवरचं अक्षर बदललं नाही.

आई त्यानंतर आठ दिवस माझ्याशी धड बोलली नाही. शेवटी मीच विचारलं, की माझ्याकडे का नाही आलीस? मी परकी होते का? ती भाजी निवडत होती. मान वर न करता म्हणाली, “तुज्या फुडे चुकाक माका लाज वाटता, गो.”

त्याच महिन्यात मंदाताई मुलुंडला माझ्या घरी आल्या होत्या. ऱ्हस्व-दीर्घ नीट शिकवाल का, रविवारी तासभर येईन, असं विचारायला. चहाही घेतला नाही. मी म्हणाले, पेपर तपासायचेत, सध्या जमणार नाही. त्या पुन्हा विचारतील असं मला वाटलं होतं. त्यांनी विचारलं नाही...

पुढे चाळ पाडून इमारत बांधायचं ठरलं तेव्हाची गोष्ट. बाबांच्या मागे खोली आईच्या नावावर होती. भाऊ संजय म्हणाला, नवं घर थेट माझ्या नावावर घेऊ, आईला या वयात कचेरीत कशाला फिरवायचं? मला ते पटलं. पटलं म्हणजे, मी त्यावर विचार केला नाही. संमतीचा कागद घेऊन मीच गेले आणि नेहमीसारखं बोट ठेवून म्हटलं, आई, इथे सही कर. माझ्या मामांनीही तिच्यापुढे असाच एक कागद ठेवला होता, गावच्या घराच्या दुरुस्तीचा म्हणून. तिने अंगठा दिला आणि वडिलांच्या जमिनीतला तिचा हिस्सा गेला. तेव्हा मी कॉलेजात होते आणि मामांना आठवडाभर शिव्या दिल्या होत्या.

आईने चष्मा लावला. “थांब, वाचतंय,” म्हणाली. तीन पानांना तिला पाऊण तास लागला. मी मध्येच सांगू लागले तर तिने हातानेच मला गप्प केलं. शेवटी तिने कागद माझ्याकडे फिरवला आणि विचारलं, “ह्येच्यात माजा नाव खंय आसा?”

मी कागद घडी घालून परत पिशवीत ठेवला. कागद बदलला. आज त्या घराच्या दारावर आईचं नाव आहे. संजय काही महिने फुगून बसला, मग निवळला. मला मात्र त्या दिवसाचं वेगळंच बोचत राहिलं. इतकी वर्षं मी तिच्यासाठी वाचलं, म्हणून ती माझ्यावर विसंबून राहिली. मंदाताईंनी मोडक्या अक्षरात तिला वाचायला शिकवलं आणि ती माझ्यापासूनही वाचली.

मूत्रपिंडं निकामी झाल्याने मंदाताईंना इस्पितळात ठेवलं होतं. मी भेटायला गेले तेव्हा आई आधीच तिथे होती. ओळीखाली बोट ठेवून पेपर वाचून दाखवत होती, आणि मंदाताई डोळे मिटून तिच्या चुका सुधारत होत्या. आई चुकत होती, हसत होती. माझ्यासमोर ती असं कधी चुकली नाही. मी दारातच थांबले. ऱ्हस्व-दीर्घ कधी शिकायचं, एवढं विचारायचं होतं. आत जाऊन फक्त म्हणाले, बऱ्या व्हा लवकर. त्यांनी मान हलवली आणि आईला म्हणाल्या, पुढची ओळ.

परवा रविवारी कांजूरला गेले होते. आई पलंगावर पेपर घेऊन बसली होती. एका जोडाक्षराशी अडली. अडली की ती बोटाने पलंगाच्या कडेवर दोनदा टकटक करते. मंदाताई घरी यायच्या तेव्हा डावीकडे बसायच्या, त्यांना कळावं म्हणून. आताही तिने टकटक केली आणि डावीकडे पाहिलं. मी उजवीकडे होते. शब्द माझ्या ओठांवर आला होता, पण तिने मला विचारलं नव्हतं. बऱ्याच वेळाने तिचं बोट पुढे सरकलं.

“जमला, गो,” ती म्हणाली. डावीकडेच बघून.