जुन्या प्रतींत नसलेली गोष्ट

खरं सांगते, देवाचा नाही, पण हातातल्या पुस्तकाचा मला त्या दिवशी भारी राग आला होता. धाकटी बहीण सुनीता नवऱ्याला सोडून दुसऱ्याबरोबर गेली होती. त्यानंही टाकल्यावर ती माझ्या दारात येऊन उभी राहिली. भावानं बजावलं, "तिले घरात ठेवलं तं तुह्या घरचं पाणी नाही पिणार मी." त्याच संध्याकाळी आमच्या यवतमाळच्या घरी प्रार्थनासभा होती. मी ठरवलं होतं, शुभवर्तमानातली व्यभिचारात धरलेल्या बाईची गोष्ट वाचायची. 'ज्यानं पाप केलं नाही त्यानं पहिला दगड मारावा,' या प्रभूच्या एका वाक्यानं लोकांच्या हातातले दगड गळतात ना, ती. आणि मग सर्वांसमोर सांगायचं, सुनीता इथंच राहील.

उतारा काढला, तर त्याला कंस, आणि तळाशी बारीक टीप: सर्वांत जुन्या हस्तलिखितांत हा मजकूर नाही. इतकी वर्षं वाचते, पण टीप कोण मेलं वाचतं! पाळकांना फोन लावला. ते म्हणाले, "खरं आहे ताई. नंतरच्या काही प्रतींत ती दुसऱ्याच ठिकाणी सापडते. नकलून घेणाऱ्यांना तिची जागा ठाऊक नव्हती, पण टाकवतही नव्हती." यावर धीर धरावा की रडावं, मला कळेना. जिच्या भरवशावर भावाशी वैर घ्यायचं, तीच मागून घातलेली असली तर?

सभेत भाऊ समोरच बसला होता; मी भिऊन त्या गोष्टीऐवजी एक स्तोत्र वाचलं. सुनीता स्वयंपाकघरातच चहा करत राहिली. आमच्याकडे शेवटी एकेक जण पाठ असलेलं वचन म्हणतो. शेजारणीकडे नेरहून एक म्हातारी पाहुणी आली होती, मी तिला पहिल्यांदाच पाहत होते. तिची पाळी आली. "वचन याद राह्यत नाही वं माय," ती म्हणाली, "एक गोष्ट तेवढी येते." आणि तिनं तीच गोष्ट सांगितली! आतला कपबश्यांचा आवाज थांबला. मी उठले, सुनीताला हाताला धरून बाहेर आणलं आणि माझ्या शेजारी बसवलं. भाऊ चहा न घेता निघून गेला.

तो अजून येत नाही. गोष्ट मुळात कुणी लिहिली, म्हातारीला कुणी पाठवलं, मला खरंच समजत नाही. न समजलेलं सगळं प्रभूच्या पायाशी ठेवलंय. पण जागा नसलेल्या त्या बाईला ज्या कुणी आपल्या पानात जागा दिली, त्याचे माझ्यावर फार उपकार आहेत.

आता संध्याकाळचं वाचन सुनीता करते. ती गोष्ट आली की आधी तळाची टीपही मोठ्यानं वाचते, आणि मग गोष्ट.