सखूआत्याचा झिरा

ही गोष्ट सांगायची मी आजवर टाळली. काल कर्जतला मुलाच्या बांधकामावर ओली वाळू उतरली आणि त्या वासानं गावाकडची, आमच्या शेजारची सखूआत्या आठवली.

उन्हाळ्यात नदी कोरडी पडली की ती पात्रात हातानं झिरा उकरायची. गार वाळूतून पाणी पाझरायचं. ते निवळेपर्यंत ती बसून राहायची, मग वाटीनं हंडा भरायची. मी सरपंच असताना शाळेच्या खोल्यांसाठी तिथलीच वाळू उचलायला लावली. आत्या ट्रॅक्टरपुढं आली.

"बापू, वाळू नेऊ नगं. पानी तिच्याच पोटात हाय."

"मग शाळा काय चिखलात बांधू, आत्या?"

माणसं हसली. ती बाजूला झाली. मला तो म्हातारीचा हट्ट वाटला.

शाळा झाली, तरी वाळू जातच राहिली. मी कुणाला अडवलं नाही. पात्रात नुसता खडक उरला, झिरे आटले, गावात टँकर आला. रांगेत पुढं असलेली आत्या मला पाहून मागं सरली.

"भर बापू, तुज्या घरी ल्हान पोरं हायती."

टोमणा असता तर मी काही बोललो असतो. मी हंडा भरला आणि 'आत्या, चुकलं माझं' हे शब्द तोंडातच ठेवून घरी आलो. पुढच्या उन्हाळ्याआधीच ती गेली.