वाढीव दर

औषधांच्या दुकानासमोर मी उभा होतो. शेजारच्या दारूच्या दुकानावर त्या दिवशी नवा दरफलक लागला होता. सरकारने कर वाढवला होता. हातांवर रंगाचे शिंतोडे असलेला एक म्हातारा रंगारी तो फलक पुन्हा पुन्हा वाचत होता.

"एवढी महाग?" त्याने दुकानदाराला विचारलं. "लोकांनी सोडावी म्हणून का?"

"काका, तुम्ही सोडणार नाही हे ठाऊक आहे, म्हणून," दुकानदार म्हणाला. त्याच्या बोलण्यात कुचेष्टा नव्हती.

म्हातारा हातातली पिशवी घेऊन रस्त्यापलीकडच्या फळवालीकडे गेला. मला डाळिंबं घ्यायची होती, म्हणून मीही त्याच्या मागोमाग तिथे गेलो.

"बाई, मघाशी नेलेली ही डाळिंबं परत घ्या."

"अहो बाबा, नातीला ताप आहे म्हणालात ना?"

"उद्या नेतो." तो खाली बघत होता.

तिने मुकाट्याने पैसे परत दिले, पण एक डाळिंब त्याच्या पिशवीतच राहू दिलं. ते त्याच्या लक्षात आलं. मग तो रस्ता ओलांडून दारूच्या दुकानाकडे गेला.

कर दारूवर बसतो, पिणारा तो भरतो, असंच मी धरून चाललो होतो. सकाळी बातमी वाचून घरात मोठ्याने म्हणालोही होतो, "बरं झालं, आता तरी कमी पितील!" तापाने फणफणलेल्या त्या मुलीला मी कधी पाहिलेलं नाही. पण त्या दिवशीचा कर तिने भरला.